उंबरावरच्या दोन चिंध्या

१

सोनालीचा घोटा रविवारी मोडला, आणि सोमवारी सकाळपर्यंत आमच्या उधन्यातल्या प्रत्येक माणसाला तो कोणी मोडला हे ठाऊक झालं होतं. फक्त मला सोडून.

मी रूपाली. पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते आणि उधना-पांडेसऱ्याच्या आमच्या धावक मंडळाची सेक्रेटरी आहे. सेक्रेटरी म्हणजे टेम्पो ठरवणारं, केळी आणणारं आणि कोणाचे बूट हरवले की बोलणी खाणारं माणूस. मंडळात सगळे मिलवाले, डाईंगवाले, भरतकामाच्या मशीनवाले. निम्मे खानदेशातले, निम्मे आमच्या बुद्धविहाराच्या गल्लीतले. पहाटे सगळे मिळून छान पळतात. पळून झालं की भांडतात.

दरवर्षी आम्ही सापुताऱ्याच्या अलीकडच्या डोंगरात एका तळ्याभोवती शर्यत घेतो. त्या तळ्याभोवती तीन वाटा आहेत. पहिली काठाकाठानं जाते, सपाट आहे, म्हाताऱ्यांनाही झेपते. दुसरी काठ सोडून मागच्या टेकडीवर चढते आणि साग-बांबूच्या रानातून फिरून पुन्हा पाण्याशी येते. शर्यत या वाटेची. तिसरी वाट म्हणजे लाकूडफाटा आणणाऱ्यांची निसरडी पायवाट, ती सरळ दरीकडे उतरते. दुसरी आणि तिसरी जिथं फुटतात, तिथं उजव्या हाताला अगदी तोंडावर एक उंबर आहे. शर्यतीला तिथं डावीकडं वळायचं.

वाटेवर खुणा करायचं काम प्रज्ञेशचं. तो पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात आहे, तिथल्या वाया गेलेल्या लाल साड्यांच्या चिंध्या करून झाडांना बांधतो. एक चिंधी दिसली की सरळ पळत राहायचं. दोन चिंध्या एकत्र दिसल्या की त्या बाजूला वळायचं. सगळ्या धावणाऱ्यांना हे मी स्वतः ओरडून सांगितलं होतं.

आधी पुरुष सुटले. ते सगळे डावीकडं वळून बिनबोभाट परत आले. मग बायका सुटल्या. सोनाली सगळ्यांत पुढं होती. ती उंबरापाशी उजवीकडं वळली, दरीच्या वाटेवर घसरली आणि पाय धरून बसली. तिच्या मागून आलेली राखी डावीकडं वळली, बाकीच्या राखीच्या मागोमाग गेल्या, आणि राखी पहिली आली.

सोनालीला शोधायला तिचे वडील, दगाभाऊ गेले. त्यांना उंबराच्या फांदीवर दोन लाल चिंध्या एकत्र बांधलेल्या सापडल्या. प्रज्ञेशच्या खऱ्या चिंध्या डावीकडच्या सागावर होत्या, पण साग वळणाच्या आत, पळणाऱ्याला आधी उंबरच दिसतो.

आता राखी ही प्रज्ञेशची सख्खी बहीण. आणि यंदा बायकांत जी पहिली येईल तिचं नाव राज्याच्या डोंगरी धावण्याच्या शिबिराला जायचं होतं. एकच नाव, आणि ते बुधवारी दुपारपर्यंत पाठवायचं. मंडळानं मंगळवारी संध्याकाळी माझ्याच वर्गात बैठक लावली. विषय एकच, राखीचं नाव कापायचं आणि भावाबहिणीला मंडळातून काढायचं.

म्हणजे माझ्या हातात मंगळवारचा दिवस होता, त्यातही शाळा.

२

दगाभाऊ भेस्तानच्या एका कारखान्यात फिटर आहेत. मी सकाळी शाळेआधी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते दारातच उभे होते, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत त्या दोन चिंध्या. सोमवारपासून ते ती पिशवी घेऊनच फिरत होते.

"हा बघा पुरावा," ते म्हणाले. "दोन चिंध्या. एक नाही, तीन नाही, बराबर दोन. ज्याला खुणेचा अर्थ माहीत आहे त्यानंच बांधल्या ना?"

"अर्थ सगळ्या धावणाऱ्यांना माहीत होता, भाऊ."

"मग राखी कशी फसली नाही?"

"ती भावाबरोबर आधी एकदा वाट बघून आली होती. खुणा बांधायला त्याच्या मदतीला गेली होती."

"तेच तर म्हणतो मी."

एखाद्याचं डोकं ज्या बाजूला फिरलंय त्याच बाजूला आपलं प्रत्येक वाक्य जाऊन पडतं, असा अनुभव मला वर्गात रोज येतो. पण ती मुलं असतात. हा माणूस पन्नाशीचा, आणि काल प्रज्ञेशच्या दारात उभं राहून त्याच्या आईसमोर, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलून आला होता, "तुम्ही लोक असेच." त्या 'तुम्ही लोक'मध्ये मीही येते. ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "तुमच्यावर नाही आमचा राग, मॅडम. पण तुम्ही त्याच गल्लीतल्या. तुम्ही त्यांचीच बाजू घेणार."

"मला पिशवी द्या."

"आणि तुम्ही ती हरवली तर?"

"दगाभाऊ, मी तुमच्या पोरीला चौथीत शिकवलंय. पिशवी द्या."

त्यांनी ती दिली. आतल्या खोलीत सोनाली पलंगावर होती, पायाला प्लास्टर, तोंड भिंतीकडं. राखी आणि ती गेली तीन वर्षं पहाटे कालव्याच्या रस्त्यावर एकत्र पळतात. मी विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

"मला काही वाटत नाही, टीचर," ती म्हणाली. "पण तिनं मला सांगायला पाहिजे होतं, वाट बघून आलीय म्हणून."

निघताना दगाभाऊ मागून म्हणाले, "आणि चेतनला विचारा. आमचा चेतन त्या फाट्यावर पाण्याचे जग घेऊन बसला होता. त्यानं प्रज्ञेशला त्या झाडापाशी थांबलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय."

३

मधल्या सुट्टीत प्रज्ञेश आणि राखी शाळेच्या फाटकाशी आले. प्रज्ञेशचा चेहरा उतरलेला होता. राखीचा अजिबात नाही, ती सरळ भांडायच्या तयारीनं आली होती.

"मॅडम, मला शिबिराला जायचंय," ती म्हणाली. "मी खोटं पळाले नाही. त्यांनी माझं नाव कापलं तर मी परत या मंडळात पाय ठेवणार नाही."

"तू सोनालीला का सांगितलं नाहीस वाट बघून आलीस ते?"

"ती पण तिच्या बापासोबत शर्यतीआधीच्या रविवारी वाट बघायला जाणार होती. गेली नाही, तर माझा काय वांक?"

वांक, म्हणजे दोष. रागात आली की ही पोर गुजरातीत घुसते.

प्रज्ञेशला मी विचारलं, "उंबरापाशी थांबला होतास का?"

"थांबलो होतो. पुरुषांच्या शेवटच्या माणसामागून मी चालत आलो, चिंध्या जागेवर आहेत का बघत. तिथं बुटाची नाडी बांधली. चेतन तिथंच बसला होता. तेव्हा उंबरावर काहीच नव्हतं. मग मी डावीकडून पुढं निघून गेलो."

"कोणी पुढं जाताना पाहिलं?"

"चेतननं. पण तो आता काय सांगतो ते तुम्हाला माहीतच आहे."

मी कपाळावर हात मारून घेतला. एकतर याला कोणी सांगितलं होतं नेमकी त्याच झाडाखाली नाडी बांधायला. त्याला म्हटलं, तुझ्याकडं उरलेल्या चिंध्या असतील तर एखादी आणून दे. त्याच्या खिशातच होती. ती घेऊन मी वर्गात आले, आणि दगाभाऊंची पिशवी उघडली.

आणि मला अक्षरशः रडू यायचं बाकी राहिलं.

तिन्ही चिंध्या लाल. पण प्रज्ञेशची पॉलिस्टरची. आमच्याकडं ते गरम पात्यानं कापतात, कड वितळून बारीक रेघेसारखी कडक होते, बोटाला लागते. उंबरावरच्या दोन्ही चिंध्या मऊ सुती होत्या. कडा कापलेल्या नव्हत्या, हातानं टरकावलेल्या होत्या, दोरे लोंबत होते. एकीच्या गाठीपाशी पिवळा डाग होता. दगाभाऊ सकाळी फाफडा-चटणी खात असतील, तेच हात लागले असतील असं मला वाटलं.

ज्यांचा जन्म कापडात गेला, जे हाताच्या चिमटीत धरून कापडाचा भाव सांगतात, त्यातल्या डझनभर माणसांनी या चिंध्या हातात घेऊन आरडाओरडा केला होता. एकानंही कडेवरून बोट फिरवलं नव्हतं.

पण एवढ्यानं भागणार नव्हतं. दगाभाऊ म्हणणार, मुद्दाम वेगळं कापड घेतलं असेल, लबाडच आहेत. मला चेतन हवा होता.

४

चेतन दगाभाऊंचा पुतण्या. भरतकामाच्या युनिटमध्ये मशीन चालवतो, कानात सतत काहीतरी घातलेलं असतं. शाळा सुटल्यावर मी त्याच्या युनिटवर गेले आणि त्याला बाहेर बोलावलं. तोही माझाच विद्यार्थी, त्यामुळं बाहेर येताना आपोआप हात मागं बांधून आला.

"प्रज्ञेशला कधी बघितलंस?"

"पुरुष गेल्यावर, टीचर. झाडाखाली वाकला होता. काहीतरी करत होता."

"वाकला होता. चिंध्या तर फांदीवर होत्या."

त्यानं कानातलं काढून खिशात टाकलं.

"आणि तू तिथून हलला नाहीस."

"नहीं ना. मी शेवटपर्यंत तिथंच होतो. पाणी द्यायला."

"मग सोनाली तिथून गेली तेव्हाही होतास."

"हो."

"ती तुझी बहीण. तिला चुकीच्या वाटेला वळताना बघितलंस, आणि बोलला नाहीस?"

त्याचं तोंड उघडं राहिलं. हे त्याला स्वतःला सुचलं नव्हतं, त्याच्या काकांना सुचलं नव्हतं, आणि सोमवारपासून त्याची साक्ष ऐकून मान डोलावणाऱ्या मंडळातल्या एकालाही सुचलं नव्हतं. मला इतका वैताग आला की मी तिथल्या बाकड्यावर बसूनच घेतलं.

"चेतन, कुठं गेला होतास?"

"खाली. तळ्यावर." तो जमिनीकडं बघत होता. "बोटीचा व्हिडिओ काढायला. ऊन मस्त पडलं होतं पाण्यावर. म्हटलं बायका सुटायला वेळ आहे. परत वर येईपर्यंत राखी आणि बाकीच्या गेल्या होत्या. काकांना सांगितलं असतं तर त्यांनी मला फोडला असता."

"म्हणून प्रज्ञेशला फोडू दिलंस."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण माझ्याकडं त्यासाठी वेळ नव्हता.

"तू उतरत होतास तेव्हा वर कोण चाललं होतं? नीट आठव. धावणारं कोणी?"

"कोणीच नाही. पुरुष पुढं निघून गेले होते, बायका अजून खाली होत्या. फक्त..." तो थांबला. "फक्त काकू चालल्या होत्या. हातात ताट होतं. पण त्या तर खाली सगळ्यांचं जेवण रांधायला आलेल्या, टीचर. त्यांना खुणांचं काय माहीत?"

काकू, म्हणजे उषाबाई. दगाभाऊंची बायको आणि सोनालीची आई.

५

मी पुन्हा दगाभाऊंच्या घरी गेले. ते कारखान्यात होते. सोनाली झोपली होती. उषाबाई ओट्यापाशी बसून भाजी निवडत होत्या. मला बघून त्यांनी चहाचं पातेलं ठेवलंच.

सोमवारपासून या बाईला कोणी एक प्रश्न विचारला नव्हता. तिची मुलगी पडलेली, तिचा नवरा ओरडत असलेला, आणि ती चहा करत असलेली. मीही सकाळी तिच्या हातचा चहा पिऊन तिला काही न विचारता गेले होते.

"उषाबाई, रविवारी तुम्ही ताट घेऊन टेकडीवर गेला होतात?"

"गई व्हती ना, ताई," त्या सहज म्हणाल्या. "भाताला वेळ होता. मनात म्हटलं, देवाला जाऊन येऊ."

"कुठल्या देवाला?"

"त्या उंबराखालच्या. शेंदूर लावलेला दगड शे तिथं. तुम्ही नाही बघितला?"

मी नव्हता बघितला. त्या फाट्यावरून मी कितीतरी वेळा गेले असेन. माझी नजर नेहमी वाटेवर असते.

"तुम्हाला कसं कळलं तिथं देव आहे?"

"अवो ताई, सगळ्या वाटेनं झाडं लाल चिंध्यांनी भरलेली." त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला. "खालपासून वरपर्यंत लोकांनी नवस बांधलेले. म्हटलं, इथला देव फार जागृत दिसतो. मग उंबराखाली शेंदूर दिसला. तर हात जोडले, नारळ ठेवला आणि..."

त्या थांबल्या. हातातली मेथीची काडी तशीच राहिली. चहा उतू जायला लागला, तो मीच उठून बंद केला.

धावणाऱ्यांना आम्ही खुणा घसा फोडून सांगितल्या होत्या. खाली चुलीपाशी बसलेल्या बायकांना सांगायचं कोणाच्याच मनात आलं नव्हतं. त्यांना कशाला लागतंय? आणि आमच्या घरात नवस-बिवस नसतो, त्यामुळं गाठीवरची हळद मी फाफड्यावर ढकलून मोकळी झाले होते.

"नारळ गुंडाळायला लाल फडकं आणलं होतं," उषाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "ते फाडलं. सोनालीचे बाबा ते चिंधी-चिंधी करत होते, ती हीच? त्यांनी मला दाखवली नाही, ताई. मी म्हटलं, शर्यतीतली काही भानगड असेल. मीच का मग? मनीच पोर मी पाडली?"

"तुम्ही मुद्दाम काही केलं नाही."

"पण पाडली ना."

पण एक गोष्ट मला अजून कळत नव्हती, आणि बैठकीत पहिला प्रश्न तोच येणार होता. एक चिंधी असती तर सोनाली उंबराकडं बघून न बघितल्यासारखं करून पुढं गेली असती. सगळं फसलं ते दोनमुळं.

"उषाबाई, दोन का बांधल्या?"

त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि आतल्या खोलीत निघून गेल्या. मी बराच वेळ थांबले. त्या बाहेर आल्या नाहीत.

६

संध्याकाळी माझ्या वर्गात मंडळ भरलं. मोठी माणसं तिसरीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती आणि तरीही प्रत्येकाला वाटत होतं की आपण न्यायाधीश आहोत. प्रज्ञेश आणि राखी मागच्या भिंतीशी उभे. सोनालीला दोघांनी उचलून आणून पहिल्या बाकाशेजारी खुर्चीत बसवलं होतं. उषाबाई आल्या नव्हत्या.

"मॅडम, वेळ नका घालवू," दगाभाऊ म्हणाले. "मत घ्या आणि मोकळं करा."

"घेते. आधी ही चिंधी फाडा." मी प्रज्ञेशची चिंधी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी एकदा ओढली, दोनदा ओढली. दात लावायला निघाले.

"आता ही फाडा."

उंबरावरची चिंधी टर्रकन फाटली. मग एकेक जण पुढं येऊन कडेवरून बोट फिरवायला लागला, आणि जो बोट फिरवत होता तो माझ्याकडं न बघता जागेवर जाऊन बसत होता. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मी चेतनला उभं केलं. तो तळ्यावर गेल्याचं त्यानं स्वतः सांगितलं, आणि काकांच्या नजरेला नजर न देता खाली बसला.

"पुरुष गेले तेव्हा उंबर रिकामा होता," मी म्हणाले. "बायका येईपर्यंत चिंध्या आल्या. मधल्या वेळात वर गेलं ते धावणारं माणूस नव्हतं. त्याला आपल्या खुणा माहीतच नव्हत्या. त्याला नुसत्या झाडाला बांधलेल्या लाल चिंध्या दिसल्या. ज्याच्या घरी नवस बोलतात, त्याला अशा चिंध्या बघून काय वाटेल?"

"काय वाटेल?" कोणीतरी विचारलं.

"नवसच वाटेल," दारातून आवाज आला. उषाबाई उभ्या होत्या, चपला हातात घेऊन. "मी बांधल्या."

दगाभाऊ उठले आणि पुन्हा बसले.

"मग दोन कशाला?" मागून एकानं विचारलंच. "एका पोरीला दोन नवस?"

"एक सोनालीची," उषाबाई म्हणाल्या. "दुसरी राखीची."

कोणाला काही कळेना. उषाबाई दगाभाऊंकडं वळल्या. आता त्या सगळ्यांसमोर घरातल्या बोलीत बोलत होत्या आणि त्यांना त्याची पर्वा नव्हती. "तिन्हा घर नवस करतस नही. मंग तिन्हा वाटाना कोन करी? रोज अंधारामा मनी पोरले उठाडाले कोन येस? तुम्ही उठतस का? मनी पोर कालवावर एकली पयत नही, राखीना भरवसावर पयस. मी म्हन्तं, देवा, दोन्ही पोरी धड घर येवोत. जिंकान्ं काहीच मांगं नही मी."

राखीच्या घरी नवस करत नाहीत, म्हणून तिच्या वाट्याचा त्यांनीच केला होता, रोज अंधारात सोनालीला उठवायला येणारी ती आणि सोनाली दोघी धड घरी याव्यात एवढाच; जिंकण्याचं काही मागितलं नव्हतं. सोनालीनं मान वळवून मागं भिंतीकडं बघितलं. राखी तिच्याकडं बघत नव्हती, ती उषाबाईंकडं बघत होती.

दगाभाऊ म्हणाले, "राखीचं नाव पाठवून द्या, मॅडम."

"नाव तर जाणारच," मी म्हणाले. मला आता खरंच चीड आली होती. "ते तुमच्या मेहरबानीवर नव्हतंच. प्रज्ञेशचं काय?"

ते वळले. हात जोडायला लागले. प्रज्ञेशनं ते जोडू दिले नाहीत.

"मला नको, काका," तो म्हणाला. "तुम्ही मला नाही बोललात. आमच्या दारात येऊन आईला बोललात. सगळी गल्ली ऐकत होती."

मला वाटलं दगाभाऊ आता भडकणार. ते उठले, पायात चपला घातल्या आणि चालायला लागले. उषाबाई त्यांच्या मागं, मग आम्ही सगळे, सोनालीला खुर्चीसकट उचलून. विहाराच्या गल्लीत बायका ओट्यांवर बसलेल्या होत्या, त्या आम्हाला बघून उठल्या. दगाभाऊ प्रज्ञेशच्या दारात थांबले. त्याची आई, चंद्रभागाबाई, पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली.

"मनी चूक व्हयनी," दगाभाऊ म्हणाले. आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला. "मी घाण बोललो. तुमचा पोरगा चांगला आहे. पोरगी पण."

चंद्रभागाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, मग खुर्चीतल्या सोनालीच्या प्लास्टरकडं, मग राखीकडं. घरात या असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

"शिबिराला महिनाच राहिला," त्या म्हणाल्या. "तुमची पोर तर खाटेवर. अंधारात माझी पोर आता कोणासोबत पळणार?"

दगाभाऊंनी उषाबाईंकडं बघितलं. उषाबाईंनी नजर हटवली नाही.

"मी येईन," ते म्हणाले. "सायकल घेऊन. मागं मागं."

"मग लवकर झोपा," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "तिला थांबायची सवय नाही."